घरात जन्मलेला मांडूळ

चौथीत शाळा सुटली आणि मी वडिलांच्या मेंढ्यांमागे गेले. दुष्काळात मेंढ्या विकल्या. तेव्हा ओळखीच्या एका ड्रायव्हरनं मला माणदेशातून थेट कनेरगाव नाक्यावरच्या धाब्यावर आणून सोडलं, भाकऱ्या थापायला. पहिल्याच वर्षी टायफॉईड झाला. मालकिणीनं तीन आठवडे मला पेज पाजली, शिवाय धाब्यामागची खोली राहायला दिली. त्या बाईचे उपकार फिटायचे नाहीत. पण ती खोली गेली तर जायचं कुठं, ही धाकधूकही रोजचीच.

मोबाईल नुकते आले होते त्या सुमाराला मालकांच्या मनानं घेतलं, धाब्यावर काचेच्या पेटीत मांडूळ ठेवायचा. शेपूटही तोंडासारखं दिसणारा साप. बघायला गाड्या थांबतील. रानातून धरलेला असला तर फॉरेस्टवाले आपल्यालाच नेतील, घरात जन्मलेला असला तर कोणी विचारत नाही, असं त्यांनी पक्कं धरलेलं. दोन्ही गुन्हाच, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

विकणारा वाशीमकडून आला. कपाळाला गंध, बोलणं गोड. इतकं गोड बोलणाऱ्याची मला आधीच शंका येते. त्यानं पिशवीतून मांडूळ काढून टेबलावर ठेवला.

"घरचा हाय मालक. लेकरावानी वाढवला."

मी परात घेऊन तिथंच उभी होते. सापाच्या डोळ्याजवळ खवल्यात गोचीड रुतलेली दिसली, मेंढीच्या कानात असते तशी. घरातल्याला ही कुठून चिकटली? पण गोचीड तर धाब्यावरच्या कुत्र्यालाही होती.

"याची माय कुठंय?" मालकांनी विचारलं.

"मेली. सात अंडी टाकून मेली. म्या भुशात ठेवून, बल्ब लावून उबवली. हा एकच वाचला."

मेंढ्या बसवायची जागा साफ करताना दगडाखाली मी मांडुळाची मादी दोनदा पाहिली होती, भोवती वळवळणारी ओली पिल्लं. टरफल एकही नाही.

"मालक, मांडूळ अंडी घालत नाही," मी म्हणाले. "पिल्लंच देतो."

विकणारा हसला. "घ्या. भाकरीवाल्या बाई आता सापाचं बाळंतपण करून राहिल्या."

गिऱ्हाईकंही हसली. मालक हसले नाहीत.

"कोणत्या महिन्यात उबवली म्हणता?"

"पौषात."

"पौषात इथून वाशीमपर्यंत दिवसाआड लाईट येऊन राहिली होती. बल्ब कशावर चालवला?"

"कंदील बी होता की," तो म्हणाला, आणि साप पिशवीत कोंबायला लागला. चहा न घेताच गेला.

त्यानंतर दोन दिवस मालक माझ्याशी बोलले नाहीत. चार माणसांत त्यांचा सौदा मोडला होता मी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रंक भरायला घेतली. मालकीण दारात आली.

"कुठं निघालीस व्हय?"

"मालक रागावलेत."

"तुझ्यावर काहून रागावतील? काचवाल्याला पेटी सांगून बसले, आता तो माघारी घेईना. म्हणून तोंड फुगलंय. चल, पीठ मळायचंय."

मी लुगडी परत बाहेर काढली. दोन मात्र महिनाभर ट्रंकेतच राहू दिली.