आलिंग डोरायची वर्गणी

आलिंग डोराय, म्हणजे डोरायमावशी, पैसे खर्च करायचीच नाही, असं म्हणणं खोटं होईल. खर्च करायची, पण त्याआधी एवढा विचार करायची की तोवर दुकानदार फळ्या लावून जेवायला गेलेला असायचा. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरून आतून पुसून घेणारी आमच्या बारियोतली, म्हणजे गावातली, ती एकटीच. नाताळात आमच्याकडची निम्मी माणसं मानलेल्या लेकरांना पैसे द्यावे लागतात म्हणून दार लावून आत गुपचूप बसतात. डोराय मात्र दार सताड उघडं ठेवायची आणि प्रत्येक पोराला घरी केलेला भाताचा केक द्यायची. "पैसे संपतात, केक पोटात राहतो," असं वर सांगायची. पोरं नाक मुरडत खायची.

माझी खाणावळ तिच्या घराला चिकटून. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे तिचं काही माझ्यापासून लपलं नाही आणि माझं तिच्यापासून. माझ्या थोरल्याची ती निनांग, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. म्हणून आम्ही एकमेकींना कुमारे म्हणतो, आणि त्याच हक्काने भांडतो.

तिचा धंदा भेटवस्तूंचा. लगुना तळ्याच्या या काठावर बाप्तिस्मा असो, लग्न असो की मुलीचा अठरावा वाढदिवस, पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. पंखे, कॉफीचे मग, साबणाच्या वड्या, त्यावर नाव आणि छानसं चित्र. नवरा गेल्यावर डोरायने जुनं कापायचं यंत्र आणि एक प्रिंटर घेतला आणि त्यावर संसार ओढला. हात चांगला होता तिचा. कागद असा कापायची की बघत राहावं. पण चित्र काही काढता यायचं नाही. तिच्या कोंबड्याला लोक बदक म्हणायचे. मग चित्रं आणायची कुठून? इंटरनेटवरून, फुकट.

फुकटात सुद्धा तिचे प्रकार होते. कशाची सूट कधी लागते, कुठला अक्षरांचा संच सणाला मोफत मिळतो, सगळं तिला तोंडपाठ. एकदा मी तिच्या खांद्यावरून डोकावले तर पडद्यावर एका अक्षरसंचाखाली लिहिलेलं, फक्त वैयक्तिक वापरासाठी.

"डोराय, हे तू लोकांना विकतेस की!"

"मग? पोट माझं वैयक्तिकच आहे. बारियोचं आहे का?"

मी हसले. तिच्यापुढे हसण्यावाचून इलाज नसायचा.

फुकटाचं पुरेना तेव्हा तिने वर्गणी काढली. आजूबाजूच्या गावांतल्या तिच्यासारख्याच बायकांचा फोनवर ग्रुप होता. कुणी मग छापणारी, कुणी स्टिकर करणारी. सगळ्यांनी थोडेथोडे काढायचे, एकीने चित्रांचा संच विकत घ्यायचा आणि लिंक सगळ्यांना द्यायची. विकत घेणारी नेहमी डोरायच, कारण हिशेबाला तिच्याइतकी चोख कुणी नव्हती. मला ते काही पटलं नाही. एकदा मासे साफ करता करता मी तसं म्हटलं.

"अगं, पूर्वी कुणाचं घर हलवायचं असलं की सगळा गाव बांबू खांद्यावर घेऊन अख्खं घर उचलून न्यायचा ना?" ती म्हणाली. "हे तसंच. सगळ्यांनी मिळून उचलायचं."

"ते घरवाल्याच्या सांगण्यावरून उचलायचे, कुमारे. तुम्ही त्याला न विचारता उचलताय."

"घरवाला अमेरिकेत बसलाय! त्याला काय कमी आहे?"

एक दिवस ती फोन नाचवत पत्र्याच्या फटीशी आली. नवा संच घेतला होता. दुकानाचं नाव इंग्रजी, किंमत डॉलरात, पण चित्रं आमचीच. झोपलेली म्हैस, शिंपल्याच्या काचांची खिडकी, पाऊस निथळणारी रंगीत जीपनी गाडी, केळीच्या पानावर मांडलेलं जेवण. पानाच्या कडेला एक मांजर, त्याचा डोळा माशावर. मलासुद्धा गंमत वाटली.

"गोऱ्याने काढलंय, पण आपल्याला नीट बघून काढलंय हं," डोराय म्हणाली आणि लगेच सगळ्या ग्रुपला लिंक पाठवून दिली. त्या बायकांनी आपापल्या बहिणींना दिली असणार, बहिणींनी जावांना. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाचं काय जातं?

आता क्रिसेलचं सांगते. ही डोरायची सगळ्यात लाडकी मानलेली लेक. हिची आई लहानपणीच गेली, बाप बोटीवर. डोरायने हिला शाळेत घातलं, गणवेश शिवले, कॉलेजची फी भरली. टूथपेस्ट चिरणारी बाई त्या पोरीच्या फीला कधी एक दिवस उशीर करत नसे. पोरगी मोठी झाली, आर्नेल नावाच्या ट्रायसिकलवाल्याशी, म्हणजे तीनचाकी रिक्षावाल्याशी, लग्न केलं आणि घरी बसून चित्रं काढून कम्प्युटरवर विकायला लागली. दुकानाचं नाव काय, कोण घेतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. चित्र काढणं हे काम आहे हेच मुळी आम्हाला खरं वाटत नव्हतं. आणि ती लाजाळू. कुणी विचारलं की "ऑनलाइन आहे" एवढंच म्हणायची.

पोटुशी होती तेव्हा एका दुपारी माझ्या खाणावळीत आली. डोराय तिथेच पान्सितच्या शेवया खात बसली होती. क्रिसेलचा चेहरा उतरलेला. डोरायने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "कुणीतरी माझी चित्रं वाटून टाकलीत, निनांग. सगळीकडे फुकट फिरतायत. आता विकत कोण घेणार? असंच राहिलं तर बाळ झाल्यावर तैवानला कारखान्यात जावं लागेल. एजंट दोनदा येऊन गेला."

"आणि बाळ?"

"बाळ इथेच राहील. तिथे नेता येत नाही."

डोरायने काटा ताटलीत आपटला. "कोण मेला तो? पोटुशीच्या तोंडचा घास काढणारा! त्याला घास गिळायचा नाही बघ. त्याची दुकानदारी जळो. समोर आला तर ह्या ताटलीने डोकं फोडीन त्याचं!" आजूबाजूचे ट्रायसिकलवाले हसायला लागले. तिने त्यांनाही झापलं. क्रिसेल खाली बघत नॅपकिनच्या घड्या घालत होती. "जाऊ दे ना, निनांग," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, पोरगी थकलीय.

मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या भेटवस्तू डोरायने स्वतःच्या खर्चाने करायच्या ठरवल्या. हे ऐकून मी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता. चांगल्या कागदाचे हातपंखे, कडेला लेस, मागे बाळाचं नाव, आणि पुढे आपल्या संग्रहातलं सगळ्यात सुंदर चित्र. केळीच्या पानावरचं जेवण आणि ते मांजर. घरचं लग्न असावं तशी ती त्यावर राबली.

चर्चमधून सगळे आर्नेलच्या अंगणात आले. मधोमध लेचोन, भाजलेल्या डुकराचं कातडं कुरकुरीत तांबूस. डोरायने खोका उघडला आणि पहिला पंखा क्रिसेलच्या हातात दिला. क्रिसेल त्याच्याकडे बघतच राहिली. आर्नेल भोळा. तो मान वाकडी करून ओरडला, "अगं, हे तर तुझंच मांजर! आपलं मिंगमिंग! निनांग, तुम्ही हिच्याकडून विकत घेतलंत?"

डोरायला आधी आनंदच झाला. "म्हणजे? हे तू काढलंस? अगं, मी रोख पैसे मोजलेत याला!"

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरची मिलाग, डोरायच्या ग्रुपातली मग छापणारी, तोंडात घास असतानाच म्हणाली, "हे मांजर होय! आमच्याकडे सगळ्यांकडे आहे. डोरायनेच लिंक दिली की! शेजारच्या सान्ता क्रूझच्या बाजारात तर प्रत्येक मगावर हेच आहे."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांनी खाणावळीतले ते शिव्याशाप ऐकले होते, उरलेल्यांना मीच रंगवून सांगितले होते. डोरायचा चेहरा असा पडला की मला बघवेना. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं ती खरोखर पायाखालच्या जमिनीकडे बघत होती.

तेव्हा क्रिसेल हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "निनांगने मला विचारून दिली होती. मीच म्हटलं, द्या म्हणून." आणि भराभर पंखे वाटायला लागली.

एकालाही ते खरं वाटलं नाही. पण सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लेचोन कापायला घेतलं. आमच्याकडे माणसाची अब्रू झाकायला असंच सगळे मिळून खोटं बोलतात. मला या रीतीची एरवी चीड येते. त्या दिवशी मीसुद्धा मान डोलावली. डोरायने मात्र एक घास खाल्ला नाही. लोक तिच्याच पंख्यांनी वारा घेत होते, आणि ती सगळ्यांकडे पाठ करून भांडी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने लिंक काढून टाकली आणि ग्रुपमध्ये लिहिलं, सगळ्यांनी ही चित्रं पुसून टाका, ही माझ्या लेकीची आहेत. काहींनी होकाराचा अंगठा पाठवला. कुणीतरी हसणारं तोंड पाठवलं. पुढच्या आठवड्यात बोया नावाच्या पोराच्या ट्रायसिकलच्या मागे तेच मांजर चिकटवलेलं दिसलं. डोराय तिथेच बसून नखाने ते खरवडायला लागली, आणि बोया बिचारा विचारत राहिला, "आलिंग डोराय, काय केलं हो त्याने तुमचं?"

मग ती क्रिसेलकडे गेली. एकटीने जायचं धाडस नव्हतं, म्हणून मला ओढून नेलं. क्रिसेल बाळाचे लंगोट वाळत घालत होती. डोरायने कापायचं यंत्र विकून आणलेले पैसे तिच्यापुढे धरले. क्रिसेलने ते हळूच तिच्याच पिशवीत परत ठेवले.

"मला कळलंच नाही गं," डोराय रडत म्हणाली. "तू आहेस हे कळलं असतं तर मी कशाला..."

"मला माहीत होतं, निनांग. विकत घेणाऱ्याचं नाव आम्हाला दिसतं."

"कधीपासून?"

"तुम्ही घेतलंत त्याच दिवसापासून. मला वाटलं, तुम्हाला माझ्या दुकानाचं कळलं, म्हणून मुद्दाम घेतलंत. तुम्ही, आणि पूर्ण किमतीला! आर्नेलला दाखवून दाखवून हसत होते मी. महिन्याभराने मैत्रिणीने ती लिंक पाठवली. तिच्यावर तुमचंच नाव होतं."

डोरायने डोळे पुसले. मग म्हणाली, "आणि मी खाणावळीत एवढे शाप देत होते, तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या मनापासून देत होतात, निनांग. मध्ये बोलायची मलाच लाज वाटली."

ती चिडली असती, भांडली असती तर डोराय वाचली असती. भांडणात डोराय कुणाला हार जात नाही.

क्रिसेल तैवानला गेलीच. करार तीन वर्षांचा. आर्नेल दिवसभर ट्रायसिकलवर, तेव्हा बाळ कुणाकडे ठेवायचं? व्हॅन दारात उभी असताना क्रिसेलने ते डोरायच्या मांडीवर दिलं आणि "तुमच्याकडे असली की मला घोर नाही," असं म्हणून चटकन आत बसली. मला वाटतं, एखादीने कानफटात मारली असती तरी डोरायला इतकं लागलं नसतं.

आता डोराय नुसते पंखे कापते, हाताने, साधे, बिनचित्राचे. गिऱ्हाईक कमी झालंय. पोरीच्या दुधाला, औषधाला मात्र हात आखडत नाही. पोरगी वाढतेय, गुबगुबीत, रांगत माझ्या खाणावळीत येते आणि गिऱ्हाइकांच्या चपला पळवते. रविवारी क्रिसेलचा व्हिडिओ कॉल येतो. कारखान्याची टोपी घातलेली, डोळ्यांखाली काळं. डोराय पोरीला फोनपुढे धरते आणि पढवते, "बघ, कोण आहे? नानाय! म्हण, ना-नाय." आई म्हणायला शिकवते रोज.

गेल्या रविवारी मी भात उपसत होते, फोन चालू होता. पोरगी एकदम बोलली, स्पष्ट, "नानाय." फोनमधून क्रिसेल किंचाळली, "म्हणाली! परत म्हण, परत म्हण!"

पोरगी वळली, डोरायच्या गळ्यात पडली आणि तिच्या तोंडाला तोंड लावून परत म्हणाली, "नानाय."

फोनमध्ये मागे यंत्रांचा आवाज येत होता. मग क्रिसेल म्हणाली, "असू दे, निनांग. लहान आहे ती." आणि शिफ्टची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

डोराय पोरीला कडेवर घेऊन पत्र्याच्या फटीशी आली. माझ्याकडे बघत नव्हती.

"कुमारे," ती म्हणाली, "हेसुद्धा मी तिचंच घेतलं गं."