उजव्या गालाची कळ

वहिनीच्या वरच्या जबड्यातल्या उजवीकडच्या तीन दाढा काढल्या गेल्या. तिन्ही निरोगी होत्या. हे आधी लिहितो, कारण पुढे ज्या ज्या माणसांनी तिचं डोकं उघडू देणार नाही असं ठासून सांगितलं, त्यांतल्या एकानेही या दाढांबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

कळ उजव्या गालात उठायची. नाकपुडीच्या कडेपासून कानाकडे, उघड्या तारेचा झटका बसावा तशी. काही क्षण टिकायची, जायची, पुन्हा यायची. तोंडावर पाणी मारलं की, घास चावला की, बोलायला ओठ हलवले की. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर आहे. तिथे वारा अडवायला काही नाही. वहिनी पदर गालापासून दोन बोटं लांब धरून वावरायची, कारण वाराही नको आणि पदराचा स्पर्शही नको. बायकांना वाटायचं, लाजते. या वयात कसली लाज, म्हणून हसायच्या.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मुंबईत एका गोदामात कामाला. घर, भातशेती आणि गुरं वहिनीच्या अंगावर. मी महाडला राहतो, तालुक्याच्या बातम्या पाठवतो. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा मी शाळेत होतो. मला ती अजून भावोजी म्हणते आणि अहोजाहो करते, मी तिला अगंतुगं करतो.

दाढा महाडच्या बाजारपेठेतल्या एका दंतवैद्याने काढल्या. पहिली काढली, कळ राहिली. शेजारची काढली. तरी राहिली, तेव्हा तिसरी. पुढे मी त्याला विचारायला गेलो. हातमोजे काढत तो म्हणाला, "पेशंटच म्हणत होती, काढा."

हे खरं आहे. ती हात जोडून म्हणत होती. कळ आलेला माणूस काहीही काढायला सांगतो. काय काढायचं नाही, हे सांगण्यासाठीच समोर शिकलेला माणूस बसवलेला असतो.

त्या दिवसांत वरंधला नात्यातलं एक लग्न होतं. वहिनी नथ न घालता गेली, कारण नथीचा मोती वरच्या ओठाच्या उजव्या बाजूला लागायचा. हळदीच्या वेळी दादाच्या मावशीने सगळ्यांदेखत विचारलं, "नथ काय झाली गो? नवरा जिता हाय ना तुझा?"

बायका हसल्या. वहिनीकडे उत्तर असायचं, नेहमी असायचं. पण ते द्यायला ओठ हलवावे लागले असते.

आजाराचं नाव महाडच्याच एका फिजिशियनने सांगितलं. त्याने तोंडात बॅटरी न मारता आधी प्रश्न विचारले. तोंड धुताना येते का? वाऱ्याने येते? झोपेत येते का? झोपेत येत नाही म्हटल्यावर त्याने मान डोलावली. दुखणं दाताचं नव्हतं. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसेचं होतं. त्याने गोळ्या दिल्या आणि पहिल्यांदा वहिनी दोन्ही बाजूंनी हसली.

गोळ्यांनी काही महिने काढले. मग कळ परत आली, गोळी वाढली, पुन्हा आली, पुन्हा वाढली. वाढलेल्या गोळीने वहिनीचा तोल जाऊ लागला. शेताच्या बांधावरून चालताना ती खाचरात पडली. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. फिजिशियन म्हणाला, गोळीने आता जेवढं होणार तेवढं झालं, मेंदूच्या सर्जनला दाखवा.

मुंबईतल्या सरकारी रुग्णालयातली सर्जन चाळिशीची बाई होती. एमआरआयची चित्रं पडद्यावर लावून ती दादाशी आणि माझ्याशी बोलू लागली. वहिनी मधल्या खुर्चीवर होती. मेंदूच्या बुंध्यातून ही नस निघते, तिथेच एका रक्तवाहिनीचं वळण तिच्यावर टेकलंय. प्रत्येक ठोक्याला ते नसेवर आदळतं. त्याने नसेवरचं आवरण झिजलंय, म्हणून साधा स्पर्शही कळ होऊन पोचतो. एक मार्ग, गालातून सुई घालून नस बधिर करायची. त्यात गाल मुका होतो आणि दुखणं परत येऊ शकतं. दुसरा, कानामागे हाडाला छोटी खिडकी पाडून आत जायचं, रक्तवाहिनी अलगद बाजूला करायची आणि दोघींच्या मध्ये मऊ कापसासारखा तुकडा ठेवायचा. नस कापायची नाही. धोके तिने सांगितले, लपवले नाहीत. त्या कानाचं ऐकणं कमी होऊ शकतं, चेहरा वाकडा होऊ शकतो, क्वचित त्याहून वाईट.

दादाने विचारलं, "वेड लागणार नाही ना?"

"नाही."

तेव्हा वहिनी पदराआडून म्हणाली, "भाकरी चावता येईल?"

सर्जन दादाकडून तिच्याकडे वळली. तिथून पुढे ती तिच्याशीच बोलली. "बहुतेक येईल. ज्या दाढा राहिल्यात, त्यांनी."

सर्जनला आणखी बोलायचं होतं, पण दादा म्हणाला, शिमगा होऊ दे. पालखी घरी येऊन जाऊ दे. शिमग्यानंतरची तारीख मिळाली.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटतात आणि आगेमागे शिमगा असतो. बातमीदाराला त्या दिवसांत सुट्टी मिळणं अवघड. मी एक दिवस काढून वाडीवर गेलो. आमच्याकडे देवीची पालखी घरोघर येते. दारात आली की घरच्या सवाशिणीने आरतीचं ताट घेऊन पुढे व्हायचं, देवीची ओटी भरायची. वहिनीने सकाळची गोळी घेतली नव्हती. गोळी घेतली की तोल जातो आणि हातात पेटती निरांजनं असणार होती. डोक्यावर पदर, दोन्ही हात ताटाला. गाल उघडा.

पालखी अंगणात नाचत आली. ढोलाचा ठेका वाढला आणि त्याच वेळी घाटाकडून वारा आला. वहिनीचा चेहरा एका बाजूला ओढला गेला. डोळा मिटला, मान झटक्याने वळली, खांदा वर गेला. ताट खाली पडलं. ती गुडघ्यांवर बसली आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला. मी तो आवाज त्याआधी ओळखत होतो. बाकीच्यांनी तो पहिल्यांदा ऐकला.

"आली! देवी आली गो!" शेजारची म्हातारी ओरडली.

ढोलवाल्यांनी ठेका थांबवला नाही, वाढवला. गुलाल उधळला गेला. बायका वाकून पाया पडू लागल्या. कुणीतरी वहिनीच्या सुटलेल्या केसांना हात लावून तो कपाळाला लावला. एकीने विचारलं, "माझ्या पोराला नोकरी कधी गो आई?" मी मध्ये गेलो तर दोघांनी मला धरून मागे ओढलं. ते माझे चुलतभाऊ आहेत. त्यांनी मला प्रेमाने ओढलं, तेही लिहितो.

कळ गेल्यावर वहिनीने डोळे उघडले. समोर दादा हात जोडून उभा होता.

दुपारी आमच्या घरच्या पडवीत भावकी बसली. काका, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, देवीचे मानकरी. ते म्हणाले, "जिच्या अंगात देवी येते तिचं डोकं फोडायचं? उद्या वाडीवर काय झालं तर कोन जबाबदार?"

मी आजार समजावून सांगितला. रक्तवाहिनी, नस, मधला तुकडा. बातमी लिहितात तसा क्रमाने सांगितला.

"तुझा पेपर हाय तो," काका म्हणाले. "पेपरात रोज येगळं असतं."

दादा मान खाली घालून म्हणाला, "आता काकाच नाय म्हणतायत तर..."

मी दादाला काय बोललो ते छापण्यासारखं नाही. मुंबईत दोनदा ताप आल्यावर स्वतःची रक्ततपासणी करून घेणारा हा माणूस. ती त्याने कधी काकांना विचारून केली नव्हती.

पुढच्या मंगळवारपासून दर मंगळवारी बायका नारळ घेऊन यायला लागल्या. वहिनीला पाटावर बसवायच्या आणि वाट बघायच्या. देवी कधी यायची, कधी नाही. आली नाही तर एखादी पदर बाजूला करून गालाला हळद लावायची, मग यायची. वाडीतल्या एकालाही यात काही खटकलं नाही. बायका समाधानाने घरी जायच्या.

माझी एक चुलतवहिनी हुशार आहे. तिने न्हाणीच्या मागे वहिनीला गाठून सांगितलं, "आता येतील तेव्हा देवीच्या तोंडानं सांग ना, मला मुंबईला न्या म्हणून. काकाच गाडी करतील."

मला हे पटलं होतं. वहिनीला नाही.

"म्हणजे पुढं जन्मभर मी काय मागायचं ते देवीनं मागायचं," ती दातांतून, ओठ न हलवता म्हणाली. "मला नको ते."

त्यानंतरच्या मंगळवारी मी वाडीवरच्या घरी होतो. काका आले होते, दादा सुट्टी टाकून आला होता, बायका पडवीभर. वहिनी पाटावर बसली नाही. उभी राहून काकांना म्हणाली, "काका, हात द्या."

काकांना आशीर्वाद वाटला असावा. त्यांनी हात पुढे केला. तिने त्यांचं बोट धरून स्वतःच्या नाकपुडीच्या कडेला टेकवलं.

कळ आली. चेहरा ओढला गेला, मान वळली, तोच आवाज. बायका वाकल्या. वहिनीने काकांचा हात सोडला नाही.

कळ गेल्यावर वहिनी थोडी थांबली. लगेच लावलं तर येत नाही, हे तिला ठाऊक होतं. वाट बघितली, आणि पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसता येत नव्हतं. बायकांपैकी या वेळी मोजक्याच वाकल्या. तिसऱ्यांदा तिने बोट उचललं तेव्हा काकांनी हात हिसकावला.

"लावा की," वहिनी म्हणाली. एकेक शब्द कळेतून काढत होती. "तुमचं बोट लागलं की येते. हळद लागली की येते. घास चावला की येते. तुमची देवी माझ्या भाकरीत बसलीय काय?"

शेजारच्या म्हातारीने तोंडाला पदर लावला. काका उठले, चपला शोधल्या, म्हणाले, "करा काय करायचं ते. आमचा संबंध नाय."

"तुमचा कधी होता?" वहिनी म्हणाली, आणि दादाकडे वळली. "तुम्ही येताय की भावोजींबरोबर जाऊ?"

दादा आला.

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली. सर्जनने नंतर सांगितलं, वळण जिथे दिसलं होतं तिथेच होतं, नसेवर त्याचा खळगा पडला होता. ते उचललं, मध्ये तुकडा ठेवला. एवढंच. इतक्या लहान गोष्टीसाठी एका बाईने तीन दाढा, कैक रात्री आणि एका लग्नातलं उत्तर गमावलं होतं. दुसऱ्या दिवशी शुद्धीत बसलेल्या वहिनीने स्वतःचा तळहात उजव्या गालावर ठेवला. आधी टेकवला, मग दाबला, मग जोरात घासला. गाल लाल होईपर्यंत घासत राहिली. परिचारिकेने थांबवलं.

उजव्या कानाचं ऐकणं थोडं कमी झालं. भावकीतलं कुणी बोलायला लागलं की ती तोच कान पुढे करते.

यंदाच्या शिमग्याला पालखी पुन्हा दारात आली. वहिनीने नथ घातली होती. ताट घेऊन ती पुढे झाली, ढोल वाढला, वारा आला. अंगणातली सगळी माणसं ओटीकडे नाही, तिच्या गालाकडे बघत होती. वाऱ्याने नथ हलली. चेहरा हलला नाही.

"गेली," काका म्हणाले.

"नांदत होती गो घरात," म्हातारी हळहळली. "डाक्टरनं हुसकवली."

वहिनीने ओटी भरली, प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि सवयीने उजवीकडे सरकवला. तिथे दाढा नव्हत्या. तिने तो जिभेने डावीकडे घेतला आणि म्हातारीच्या तोंडाकडे बघत, आवाज करत चावला.