गोल साचा

बमरोलीतल्या मागांच्या कारखान्याचा तुळयांशिवायचा सपाट स्लॅब मी डिझाइन केला होता. आमच्या ऑफिसात तेव्हा संगणक नव्हता. टेबलावर भारतीय, ब्रिटिश आणि अमेरिकन कोडांची, म्हणजे बांधकामाच्या नियमांची, पुस्तकं असत. ज्याचं उत्तर आवडेल ते मी उघडत असे.

काँक्रीटच्या चाचणीसाठी साचे भरणारा खानदेशी मिस्त्री चहा पिताना त्या पुस्तकांतली चित्रं बघायचा आणि प्रत्येक चित्राला ‘हं’ म्हणायचा. मला हसू यायचं.

स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी अमेरिकन पुस्तकावर बोट ठेवून तो म्हणाला, “साहेब, यात साचा गोल शे. आपण तर चौकोनी भरतो ना?”

माझा चहा गार झाला. तेच काँक्रीट गोल साच्यात कमी ताकद दाखवतं. मी चौकोनी साच्याचा मोठा आकडा अमेरिकन पुस्तकातल्या गोल साच्याच्या सूत्रात घातला होता. स्लॅब खांबांभोवती तुटून मागांवरच्या माणसांवर आला असता.

काम थांबवलं, खांबांभोवती जाडी वाढवली. मालकाने माझी दक्षता वाखाणली. शेजारी मिस्त्री कौतुकाने मान डोलावत होता.

पुढे तो वारला. भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, “ते सांगायचे, साहेब मला पुस्तकं शिकवतात.”

मीही मान डोलावली.