अकोल्याच्या उन्हात वाळवलेला कोट

सुमन खंडारे यांच्यावर अन्याय झाला. गेल्या मे महिन्यात, निवड चाचणीच्या सकाळी, दहा वाजून चाळीस मिनिटांनी, साहित्य तपासणीच्या टेबलापाशी. वेळ मी अंदाजानं लिहीत नाही. टेबलामागच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मी त्याच्या बरोबर समोर उभा होतो.

तुम्ही त्यांना ओळखत नाही, कारण त्यांच्याबद्दल कधी काही छापून आलं नाही. अमरावतीत एका शाळेच्या मागे बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची शेड आहे. तिथं त्या आम्हाला एअर रायफल शिकवायच्या. शाळेत पी.टी.च्या शिक्षिका, एन.सी.सी.त स्वतः नेमबाजी शिकलेल्या. आठवडाभर अमरावतीत भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी एसटीनं अकोल्याला, स्वतःच्या घरी जायच्या. शेडमधली निशाणं दोरी ओढून पुढं-मागं करावी लागत. त्या दोऱ्या त्यांनीच बांधलेल्या.

मी पहिल्यांदा शेडमध्ये गेलो तेव्हा त्या निशाणाकडं पाठ करून उभ्या होत्या. मी छर्रा मारला. "आठ," त्या म्हणाल्या, वळल्याच नाहीत. मी दोरी ओढून कागद जवळ आणला. आठच होते.

"तुमाले कसं समजलं, मॅडम?"

"तुयी मान पाहून राहिली न मी. निशाण्यात काय पाहाचं? तो काय पळून चालला का कुठी?"

पुढं त्यांनी माझी जोडी भातकुलीच्या अश्विनीशी लावली. मिश्र सांघिक प्रकारात एक मुलगा आणि एक मुलगी शेजारी शेजारी उभे राहून नेम धरतात आणि दोघांचे गुण एकत्र मोजतात. अश्विनी शेतकऱ्याच्या घरची. जोडीत मुलगा आहे हे कळल्यावर तिचे वडील एका दुपारी स्वतः शेडमध्ये आले आणि दारात उभे राहिले. मॅडमनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "काका, या दोघायच्या मधात माणूस झोपीन एवढी जागा असते. अन् नेम धरताना दोघायच्याही एका डोळ्यावर झापड. पाहून पाहून काय पाहतीन हे?"

काका हसले. "मंग ठीक हाय, मॅडम. पन पोट्टा कोनाचा?"

"माया हाय असं समजा."

त्यानंतर काका आले की माझ्यासाठीही तुरीच्या शेंगा आणायचे.

मी अश्विनीवर चिडायचो. तिचा नेम चुकला की माझी मान आपोआप तिच्याकडं वळायची. मॅडमला ते खपायचं नाही. "काहून बे निखल्या, तिचे सात पाहून तुये दहा होनार हायेत का? ते तिचं सात हाय, तिले फेडू दे. तू आपल्या काळ्यात पाह्य." निशाणाच्या मधल्या गोलाला त्या काळं म्हणायच्या. अश्विनी रडकुंडीला आली की तिलाही तेच ऐकावं लागायचं. "रडाचं असंन तं रडून घे माय, पन रायफल खाली ठेवून रड. भिजली तं पुसाले मलेच लागते."

गेल्या वर्षी परदेशात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. मुलांमध्ये पहिला आणि मुलींमध्ये पहिली, यांची जोडी जाणार. त्याआधीच्या प्रत्येक स्पर्धेत अश्विनी पहिली आली होती. आम्ही दोघं जाणार हे शेडमध्ये सगळे धरूनच चालले होते.

चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो. तिथून संध्याकाळची रेल्वे होती, तोवर मॅडमच्या घरी थांबलो. एसटीत पाण्याची बाटली कलंडली आणि अश्विनीचा कोट भिजला. नेमबाजीचा कोट जाड कॅनव्हासचा असतो. तो जितका ताठ, तितका शरीराला आधार मिळतो, म्हणून किती ताठ असावा याला मर्यादा असते आणि ती यंत्रानं दाबून मोजतात. हे मॅडमना कुणी शिकवायला नको होतं. कोट सावलीत वाळवायचा, हे त्यांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. पण अकोल्यात मे महिन्यात गच्चीवर काय नसतं? मिरच्या असतात, कुरडया असतात, गाद्या असतात. ओलं दिसलं की उन्हात टाकायचं, हा हात वऱ्हाडात आपोआप चालतो. दमट कोटात पोरीला गाडीत सर्दी होईल, असंही त्यांना वाटलं. "अर्धाच घंटा टाकतो," म्हणाल्या. खाली येऊन आम्हाला जेवायला वाढलं, पोळ्या लाटत राहिल्या. अर्ध्याचे दोन तास झाले. कोटात वर्षभराचा घाम मुरलेला, त्याचं मीठ धरून तो ताठ झाला. संध्याकाळी कोट पिशवीत घालताना अश्विनी म्हणाली, "मॅडम, कडक वाटून राहिला." "अंगात घातला का नरम होते," त्या म्हणाल्या.

तो झाला नाही. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कोट नापास झाला. दुसऱ्याचा कोट घालून भागत नाही, तो अंगाच्या मापानं शिवलेला असतो. पण नापास कोट मऊ करून पुन्हा दाखवता येतो, आणि फेरतपासणी अकरापर्यंत, असं तिथल्या फलकावर लिहिलेलं होतं. मॅडम व्हरांड्यात फरशीवर बसल्या आणि पुरणपोळीची कणीक तिंबावी तसा तो कोट तिंबायला लागल्या. मग अश्विनीनं तो घातला आणि उठाबशा काढल्या. दहा चाळीसला त्या टेबलाशी परत आल्या.

"फेरतपासणी बंद झाली," टेबलावरचे अधिकारी म्हणाले.

"साहेब, बोर्डावर अकरा हाय."

"तो बोर्ड कालचा आहे."

"काल तं तपासनीच नव्हती, साहेब."

त्यांनी पुढच्या मुलाचं साहित्य ओढून घेतलं. मॅडम अश्विनीला घेऊन बाहेर गेल्या. मी तिथंच होतो, माझ्या बुटांचे तळवे मोजायचे राहिले होते. दहा पन्नासला दुसऱ्या एका मुलीचा नापास झालेला कोट त्याच टेबलावर पुन्हा आला, त्याच यंत्रात घातला आणि पास झाला. त्या मुलीचा यात काही दोष नाही. दोष टेबलाचा आहे, आणि माझा आहे. मी ते पाहिलं, बूट उचलले आणि गप्प निघून गेलो. संध्याकाळी मुलांत मी पहिला आलो, मुलींत ती पहिली आली. आमची जोडी लागली.

नंतर नेमबाजी संघटनेकडून मॅडमना निरोप गेला. कोट मुद्दाम ताठ केला, असा शेरा अश्विनीच्या नावावर पडेल आणि तिच्यावर बंदी येईल. नको असेल तर तुमची चूक लेखी मान्य करा. त्यांनी त्याच दिवशी लिहून दिलं: कोट मी उन्हात वाळवला, मुलीला माहीत नव्हतं. त्या कागदावरून त्यांची प्रशिक्षक म्हणून असलेली मान्यता काढली. शाळेनं शेडची किल्ली मागून घेतली.

परदेशात आम्ही अंतिम फेरीपर्यंतही पोचलो नाही. परत आल्यावर मी अकोल्याला गेलो. मॅडम बारीक झाल्या होत्या, जिना चढताना मध्येच बसल्या. मी त्यांना दहा पन्नासचं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या चिडतील. 

"तवा काहून नाही बोलला?"

"मायं नाव कापलं असतं, मॅडम."

"हो," त्या म्हणाल्या. "कापलं असतं."

मग विचारलं, "जेवला का?"

मी तक्रार करतो म्हणालो. त्यांनी हात हलवला. "कोट तं मीच वाळवला न बाप्पा. ते काही खोटं नाही." जेवण झाल्यावर मी पुन्हा विषय काढला, तेव्हा म्हणाल्या, "आशू खेळून राहिली अजून. तिचं मार्गी लागू दे." मी ते ऐकलं, कारण ऐकणं सोयीचं होतं.

थंडीत त्या गेल्या. हृदयविकार. मोहता मिल रस्त्यानं स्मशानात जाताना अश्विनीचे वडील पूर्ण वेळ माझ्या शेजारून चालत होते.  मी काय पाहिलं होतं, ते अश्विनीनं त्यांना सांगितलं होतं. तिला मीच सांगितलं होतं, आदल्या दिवशी, मॅडम गेल्याचं कळल्यावर. ती फक्त म्हणाली, "मॅडमले माहीत होतं?" मी हो म्हणालो. "मरतानाही त्यायले वाटलं असंन का, चूक आपलीच होती म्हणून?"  अश्विनीनं रायफल सोडली. आता ती पोलीस भरतीची तयारी करते.

मी रीतसर तक्रार दिली. जे पाहिलं ते लिहिलं, मी गप्प राहिलो हेही लिहिलं. उत्तर आलं: तक्रारदार स्वतः त्या निवडीचा लाभार्थी आहे, अन्य साक्षीदार नाही, सबब कै. खंडारे यांच्या कबुलीपत्रावरील कार्यवाही कायम. म्हणजे आजही दप्तरात लिहिलेलं आहे की एका पोरीची संधी तिच्या मॅडमनं घालवली. ज्या बाईनं शेडमध्ये दोऱ्या बांधण्यापासून सगळं केलं, तिच्याबद्दल कागदोपत्री एवढीच एक ओळ आहे.

अन्य साक्षीदार नाही, हे खोटं आहे. त्या टेबलापुढं माझ्या मागं रांग होती. मुलं होती, त्यांचे आईवडील होते, इतर जिल्ह्यांचे प्रशिक्षक होते. हे पत्रक मी प्रत्येक रेंजवर आणि प्रत्येक पालकापर्यंत पोचवतो आहे, म्हणून ते तुमच्या हातात आहे. तुम्ही त्या रांगेत असाल, तर तुमचं मूल अजून खेळत असेल आणि तुम्हाला त्याच्या नावाची भीती वाटत असेल. मला माझ्या नावाची वाटली होती. तिची किंमत कुणी मोजली, ते वर लिहिलं आहे. एक कोरा कागद घ्या. काय पाहिलं ते लिहा, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते ते लिहा, खाली पूर्ण नाव घालून सही करा आणि याच आठवड्यात संघटनेकडं पाठवा. तुम्ही तिथं नव्हता, तर जो होता त्याच्या घरी हे घेऊन जा, आणि त्यानं सही केल्याशिवाय उठू नका.