शंभराचे एकशे साठ

कांताबाई कळंबच्या बाजारात भाजी विकायची. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. पुढे शाळा सुटली, पण हिशेब तिच्या तोंडात राहिला. गिऱ्हाइकाने पिशवी पुढे करावी आणि तिने वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या धरून एकूण रक्कम सांगून टाकावी. बोटं मोडताना मी तिला कधी पाहिलं नाही. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं.

तिचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. छप्पन्न साली नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली आणि नंतर हयातीत तीनदा नेपाळातल्या लुंबिनीला जाऊन आले. त्यांची एक लहानशी वही तिच्याजवळ होती. प्रत्येक प्रवासाच्या पानावर, अगदी वरच्या ओळीत, शंभर भारतीय रुपयांना किती नेपाळी रुपये मिळाले तो भाव. १९६७ : शंभराचे एकशे एक. १९७३ : शंभराचे एकशे एकोणचाळीस. १९८४ : शंभराचे एकशे पंचेचाळीस. "भाव वाढत गेला तसा बापाचा मुक्काम वाढत गेला," असं ती सांगायची.

२००६ साली धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होणार होती. गावात नवा विहार बांधून झाला होता, आत मूर्ती नव्हती. त्या वर्षी आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि चांगल्या बातमीसाठी नाही. कापसाला भाव नव्हता, घराघरात ओढाताण होती. अशात लुंबिनीच्या एका भन्तेजींचं पत्र आलं : दोन फुटांची पितळी मूर्ती आहे, सोळा हजार नेपाळी रुपये, दुकानदार सप्टेंबरअखेरपर्यंत थांबेल.

विहार कमिटीचे अध्यक्ष धर्मपाल, एस.टी.तून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "नागपूरले प्लास्टरची मूर्ती दोन हजारात भेटते. नेपाळात कायले जाता, कांताबाई?"

"प्लास्टरचे पोपडे निघतात, भाऊ. माह्या बापानं पितळेची पाहून ठेवलती. पैसे नव्हते म्हणून हात जोडून वापस आला."

"अन् आता पैसे कोण देते? तुमचे वांगे?"

"देतील. वांगेबी देतील, भेंड्याबी देतील."

बैठक हसली, पण ठरलं ते पक्कं ठरलं : सप्टेंबरअखेर पितळेची मूर्ती आली नाही, तर नागपूरची प्लास्टरची बसवायची.

वहीतल्या शेवटच्या भावाने अकरा हजारांवर चौतीस रुपये लागणार होते. कळंबच्या बँकेत नेपाळचा भाव कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून वहीच प्रमाण मानली. कांताबाई दर आठवड्याला घरोघर फिरली. कुणी दहा दिले, कुणी वीस, एका म्हातारीने पाच. धर्मपालांनी पाचशेच्या दोन कोऱ्या नोटा दिल्या आणि त्या चार जणांना दाखवूनच दिल्या. सगळे मिळून अकरा हजार पन्नास झाले.

सप्टेंबरात कांताबाई आणि धर्मपाल स्वतःच्या तिकिटाने निघाले आणि सोनौलीला नेपाळची सीमा ओलांडून पलीकडे गेले. पैसे बदलून देणाऱ्याने पाचशेच्या दोन्ही नोटा बोटाने परत सरकवल्या. "ये इधर नहीं चलता." शंभराच्या वरची भारतीय नोट तेव्हा नेपाळात चालत नव्हती. मग त्याने दहा-दहाच्या मळक्या गड्ड्या पाहिल्या, नाक मुरडलं आणि म्हणाला, शंभराचे एकशे पंचावन्न.

धर्मपाल खूश झाले. "वहीत पंचेचाळीस, हा पंचावन्न देऊन राह्यला! घ्या लवकर."

कांताबाई हलली नाही. पाचशेच्या नोटा वजा जाता हाती दहा हजार पन्नास उरले होते. पंचावन्नच्या भावाने साडेपंधरा हजारांवर थोडेसेच होत होते, सोळाला चारशे कमी. "चारशे कमी पडून राह्यले, भाऊ. आधी चहा घेऊ."

"तुमाले चहा सुचून राह्यला?"

शेजारच्या टपरीवर पाटी होती : चहा, भारतीय पाच, नेपाळी आठ. कांताबाईने कप हातात घेतला आणि पाटीकडे बघतच राहिली. मग टपरीवाल्याला आपल्या हिंदीत विचारलं, "भैया, पाच का आठ? सबको?"

"सबको, माताजी. सौ का एक सौ साठ. बारह-तेरह साल से यही है."

"भाऊ," ती म्हणाली, "दहा हजारात पाच किती वेळा?"

"दोन हजार."

"दोन हजार आठे?"

धर्मपालांनी कप खाली ठेवला. "सोळा हजार."

"मंग उठा. त्याच्याजवळ कायले बदलाचे? दुकानात भारतीयच देऊ."

"अन् माहे हजार?"

"राहू द्या तुमचे हजार. गावाचे दहा-दहाचेच पुरले."

लुंबिनीच्या दुकानदाराने एकशे साठचा भाव लगेच कबूल केला. पण एवढ्या दहाच्या नोटा बघून तो कपाळाला हात लावून बसला. कांताबाईने गादीवर मांडी घातली आणि बाजारात मेथीच्या जुड्या लावाव्या तशा शंभर-शंभराच्या गड्ड्या लावून दिल्या. तीन नोटा चिकटपट्टीच्या म्हणून त्याने नाकारल्या. उरलेल्या पन्नासातून तिने तीन चांगल्या काढून दिल्या. पुरे सोळा हजार भरले. दुकानदाराने मूर्ती कापडात गुंडाळायला घेतली तेव्हा ती म्हणाली, "थांब भैया, चेहरा देखने दे." आणि तिथेच, दुकानात, तिने पंचशील म्हटलं. धर्मपाल मागे हात जोडून उभे होते.

गोरखपूरहून नागपूरपर्यंतच्या गाडीत धर्मपालांनी मूर्ती फळीवर ठेवू दिली नाही. रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसले. पाय बधिर झाले तरी कांताबाईच्या हाती द्यायला तयार नव्हते. "तुमी आणली ना? मंग मले नेऊ द्या."

सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला दोघं गावात उतरली. फाट्यावर सारं गाव आलं होतं, डफडं वाजत होतं, पोरं पुढे नाचत होती. कुणीतरी ओरडून विचारलं, "कितीले पडली, धर्मपालभाऊ?"

धर्मपालांनी मूर्ती छातीशी धरली आणि मोठ्याने सांगितलं, "दहा हजार! अन् त्यात माहा एक रुपया नाही. सारे तुमचेच हायेत!"

त्या गर्दीत पाच रुपये देणारी म्हातारीही होती. कांताबाईने तिचा हात धरून तिला पुढे आणलं, आणि मूर्तीवरचं कापड म्हातारीनेच बाजूला केलं.