वैजापूरच्या टाळ्या

आमच्या ऑर्केस्ट्राचा दौरा म्हणजे लासूर स्टेशन, वैजापूर आणि बजाजनगर; तरी त्याचा माहितीपट व्हावा ही हौस माझीच, कारण गाणारा मीच. शूटिंगला बायकोचा भाऊ होता, तो एरवी लग्नाच्या कॅसेटी काढायचा. वैजापुरात समोर मोजकी माणसं, तीही पंख्याखाली टेकायला आलेली. माझा चेहरा पडला, तसा मेव्हणा म्हणाला, "दाजी, घोर करू नका. गर्दी आपल्याकडं लई पडलीय."

पुढं गल्लीत पडदा लावून माहितीपट दाखवला. पडद्यावर मी डोळे मिटून तान घेतली आणि मांडवभर माणसं उठून उभी राहिली, हात उंचावून काहीतरी उधळू लागली, मग टाळ्यांचा कडकडाट. मला भरून आलं. वैजापूरकरांनी त्या दिवशी फुलं उधळली होती, असं मला चक्क आठवायलाही लागलं. शेजाऱ्यांना तसं सांगूनही टाकलं.

बायको कानाशी आली. "फुलं नायत, अक्षता हायत त्या. आपलंच लगीन हाय. तुमच्यासाठी एवढी माणसं उभी राहिली, ती तेवढीच येळ."