दुर्बिणीवरचा नंबर

बाबा गेल्यावर त्यांची फौजेतली लोखंडी पेटी उघडली आणि तिच्यातली बंदुकीवर बसवायची दुर्बीण माझ्या वाट्याला आली. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

"साहेबानं बक्षीस देल्ली," एवढंच बाबा सांगायचे. लहानपणी मी ते बाभुळगावात ऐटीत सांगत फिरलो. पण पुढे माझीच हयात सरकारी कचेरीत गेली. तिथं खुर्चीच्या पाठीवरसुद्धा नंबर टाकलेला असतो आणि ती खुर्ची मोडली तरी कोणी बक्षीस देत नाही. मग लष्करी दुर्बीण कोण देईल? माझा बाप चोर होता का, हा किडा एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. जेवताना तेच, शेतात गेलो तरी तेच.

जुन्या वस्तूंच्या शौकिनांचा एक ग्रुप फोनवर सापडला. तिथं फोटो टाकले. एका जाणकारानं आधी विचारलं, आत बघितल्यावर काय दिसतं? मी अंगणातून समोरच्या निंबाकडे रोखून पाहिलं. एक आडवी रेघ, आणि खालून वर आलेला टोकदार खुंट. तो म्हणाला, ही महायुद्धाच्या काळातली इंग्रजी बनावट, आपल्या फौजेतही पुढे बरीच वर्षं चालली. अशी प्रत्येक दुर्बीण एकाच बंदुकीशी जुळवलेली असते, दुसरीवर चढवली तर नेम चुकतो. म्हणून तिच्यावर नंबर असतो. तो पाठवा, कुठली आहे ते शोधून पाहू.

नंबर शोधायला मी भिंग घेऊन बसलो, तर पितळी नळी सोन्यासारखी लखलखीत! दसऱ्याला आमच्याकडे विळा, कोळपणीच्या डवऱ्याची लोखंडी पास आणि ही दुर्बीण एकाच पाटावर पूजेला बसायची, आणि आदल्या दिवशी आई सगळं चिंच-राखेनं घासून काढायची. काळा रंग केव्हाच गेला होता. नंबराच्या जागी नुसता खोलगटपणा होता. शेवटचा सात तेवढा नखाला लागत होता.

मी आईवर भडकलो. "काय करून ठेवलंस हे! एवढं घासतात का कोणी?"

आई तूर निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"नंबर म्याच घासला," ती म्हणाली. "घरापुढं गाडी थांबली का तुहे बाबा ताटावरून उठून उभे राहत. रातभर झोप लागे नाही त्याईले. कोठून आणली, म्या कधी इचारलं नाही. दर दसऱ्याले तेवढीच जागा जोरानं घासत गेली. आकडे पुसट झाले, तवा कोठं ते सुखानं निजाले लागले. आता तू काहून उकरून राह्यला?"

बाबांना ताटावरून उठताना मीही पाहिलं होतं. फौजी माणूस, सावध असायचाच, असं वाटून मला त्याचाही अभिमान वाटायचा.

जाणकाराचे निरोप येत राहिले. नंबर मिळाला का? मी उत्तर दिलं नाही. उरलेला सात जरी कळवला असता तरी खरं काय ते कदाचित कळलं असतं, आणि मला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी आईनं भिजवलेली चिंच माझ्यापुढं सरकवली. "माह्या हातात आता जोर नाही राह्यला. तू घास."

मी राख घेतली आणि त्या सातावर अंगठा दाबून घासू लागलो. आई बघत बसली.

तेवढ्यात घरापुढं गाडी थांबली. शेजाऱ्याचं सोयाबीन न्यायला आली असणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी उठून उभा राहिलो.